पुढच्या सात जोड्या

पहिला आवाज आला तेव्हा यल्लाप्पा मामा एका हाताने स्टिअरिंग धरून दातांनी बिस्किटाचा पुडा फोडत होते. आवाज मोठा नव्हता. मागे, आपल्या पाठीच्या भिंतीपलीकडे, कुणीतरी भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. धप्. गाडी थोडी पुढे ढकलल्यासारखी झाली आणि पुन्हा सरळ चालायला लागली.

मामांनी पुडा माझ्या मांडीवर ठेवला. गाडीचा वेग कमी केला.

"ऐकलासा?" ते म्हणाले.

"काय?" मी म्हणाले.

मी ऐकलं होतं.

त्या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. कोल्हापूरच्या बाहेर एका कागद कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागात नोकरीला लागून मला सहा महिने झाले होते. त्या विभागात मुलगी म्हणून मी पहिलीच. त्या दिवशी सकाळी कागदाचे रोल भरलेला एक बंद कंटेनर बंदराला निघाला होता. तिथे माल तपासताना कारखान्याचं माणूस हजर लागणार होतं आणि आमचे मॅनेजर दाभोळे साहेब म्हणाले होते, "वृषाली, तू जा." एवढी मोठी जबाबदारी मला पहिल्यांदाच मिळत होती. आदल्या संध्याकाळी आईने माझा ड्रेस दोनदा इस्त्री केला होता.

आत अठरा रोल होते. एकेक सातशे किलोचा, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा जाड. ते पिंपासारखे आडवे ठेवलेले, दोन-दोनची जोडी, अशा नऊ जोड्या. आडवा रोल म्हणजे चाकच. त्याला थांबवायला खाली लाकडी पाचरी ठोकायच्या, वरून पट्टे कसायचे आणि जोड्यांच्या मध्ये जी जागा उरेल ती लाकडी चौकटीने भरून टाकायची, म्हणजे हलायला वावच राहत नाही. आमच्या बांधणीच्या तक्त्यावर छापलेलंच होतं: पट्टे सहा, चौकट एक.

त्या सकाळी पट्टे दोनच होते. बाकीचे चार शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीला लावले होते, कारण ती गाडी आधी सुटायची होती आणि नवीन पट्टे दुपारनंतर येणार होते. चौकट बनवणारा सुतार आला नव्हता. माल भरणाऱ्या टोळीचे मुकादम दस्तगीर चाचा कंटेनरमधून खाली उतरले, कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "बेटा, मागच्या दोन जोड्या बांधल्यात. पुढच्या सात नुसत्या पाचरीवर हायत. मधी दोन फूट जागा मोकळी हाय. दुपारपर्यंत थांबवा ही गाडी."

मी दाभोळे साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, दारातून बघणाऱ्याला मागचेच दिसतात ना? ते बांधलेत ना? बोट आपल्यासाठी थांबत नाही. तुला जमत नसेल तर तसं सांग, मी दुसऱ्याला पाठवतो."

मी जमतंय म्हणाले. तक्त्यावर सहाच्या पुढे बरोबरची खूण केली, चौकटीच्या पुढेही केली आणि सही केली. दस्तगीर चाचांनी माझ्या हाताकडे बघितलं. दार लागलं, सील लागलं.

यल्लाप्पा नाईक हे ड्रायव्हर. संकेश्वरजवळच्या खेड्यातले, पंचेचाळिशीचे, सावळे, आवाज अगदी हळू. गाडी ताब्यात घेताना त्यांनी तक्ता वाचला, मग माझ्याकडे बघून विचारलं, "आत बघितलासा न्हवं मॅडम तुम्ही?"

"हो. सगळं व्यवस्थित आहे," मी म्हणाले.

"मग झालं," ते म्हणाले आणि तक्ता घडी घालून खिशात ठेवला.

दुसरा आवाज मलकापूरच्या पुढे आला. रस्ता एका ओढ्यात उतरून पलीकडे चढत होता. उतरताना पुढे धप्, चढताना मागे धप्. या वेळी पाठीमागचा पत्रा कण्हल्यासारखा झाला. मी सीटची कड दोन्ही हातांनी धरली.

"काहीतरी हलायलंय," मामा म्हणाले. त्यांनी आरशात बघितलं, जणू बंद पत्र्याच्या आतलं त्यात दिसणार होतं. "मॅडम, पट्टे सहा हायत न्हवं?"

"तक्त्यावर आहे ना."

"तक्त्यावर हाय ते मी वाचलंय. तुम्हांस्नी इचारतोय."

आता सांगता आलं असतं. रस्ता सपाट होता, दोन्ही बाजूंना उसाची शेतं होती, गाडी कुठेही उभी करता आली असती. मला दाभोळे साहेबांचा आवाज ऐकू येत होता. मला माझी सही दिसत होती, 'वृषाली र. खोत', खाली दोन टिंबं. मनात हिशेब चालू होता की पाचरी आहेत, मागचे पट्टे आहेत, गेल्या महिन्यात एक गाडी अशीच गेली होती म्हणतात, काही झालं नव्हतं.

"सहा आहेत," मी म्हणाले.

मामांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग पुढच्या जोड्या हलायच्या न्हाईत. मधलीच एखादी ढिली झाली असंल. घाट लागायच्या आधी बघून घेऊ."

घाट. हा शब्द मी सकाळपासून मनात येऊ दिला नव्हता. आंबा घाट. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि केसात अडकवायच्या आकड्यासारखी वळणं. पुढे दहा हजार किलो इकडून तिकडे घरंगळत असताना आम्ही त्यातून खाली उतरणार होतो.

मला घाम फुटला. ओढणीने तोंड पुसलं. मामांनी माझ्या बाजूची काच खाली करायला सांगितली. त्यांना वाटलं मला गाडी लागते.

"घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं. मला बरं वाटावं म्हणून असेल.

"आई-बाबा. लहान भाऊ."

"माझ्या थोरलीला उद्या सकाळी बघायला येणार हायत. निपाणीची माणसं. आज माल उतरवून रातच्याला निघालो की पहाटेला घरात." ते हसले. "बायकोनं दहादा फोन केला. गंगव्वा नाव तिचं. फोनवर भांडतीया, पण जेवल्याशिवाय झोपू नका म्हणून सांगतीया."

मी हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात मागे पुन्हा धप् झालं आणि त्याच्या मागोमाग एक नवीन आवाज आला, बारीक, ताणलेला. ओल्या दोरीला पीळ दिल्यासारखा. मागचे पट्टे. सात जोड्यांचे धक्के दोन पट्टे एकटे सोसत होते. हे मला कळत होतं. त्या गाडीत ते कळणारी मी एकटी होते.

आंबा गाव मागे पडलं. अकरा वाजले असतील. ऊन छान पडलं होतं, झाडीतून रस्त्यावर ठिपके पडले होते. असल्या उजेडात माणसाला भीती वाटू नये. मी मात्र मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते.

उतार सुरू होण्याआधी एक शेवटचा चढ लागतो. त्या चढावर डाव्या हाताला थोडी रुंद जागा होती. मामांनी गाडी तिथे घेतली, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली. खाली उतरून मागच्या चाकांना दोन मोठे दगड लावले. आमच्या मागे रस्ता सरळ उतरत गेला होता आणि पन्नास-साठ पावलांवर एका वळणावर रस्त्याचे खड्डे भरायचं काम चाललं होतं. डांबराचं पिंप, खडीचा ढीग, आणि सावलीला सात-आठ बायका भाकरी सोडून बसल्या होत्या. त्यांचं हसणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

गाडीचं तोंड वर होतं. दार उताराकडे.

मीही उतरले.

मामा दारापाशी गेले. हाताच्या मुठीने त्यांनी दोन्ही झडपांवर ठोकून बघितलं. कान लावला. तळवा सपाट ठेवून पत्रा दाबून बघितला.

"दारावर जोर न्हाई," ते म्हणाले. "म्हणजे मागच्या जोड्या जागच्या जागी हायत. पुढच्यांस्नी तर पट्टे हायतच. सील तोडून बघतो. तुम्ही साक्षीला हाय. दोन पाचरी मारल्या की काम झालं."

त्यांनी पक्कडीने सील तोडलं. माझ्या डोळ्यांपुढे आतलं सगळं उभं होतं: पुढच्या सात जोड्या चढामुळे मागे रेललेल्या, दहा हजार किलो, आणि त्यांच्या नि या दारामध्ये दोन जोड्या आणि सकाळपासून मार खाल्लेले दोन पट्टे.

उजव्या झडपेला दोन उभे दांडे होते. एकाचा मुठीसारखा खटका त्यांनी उचलला आणि दांडा फिरवला. तो सहज फिरला. त्यांनी दुसऱ्याला हात घातला.

"मामा."

"हं."

"मामा, थांबा."

त्यांनी वळून बघितलं. दुसरा दांडा अर्धा फिरला होता.

"पट्टे नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून मी ओरडले, "पुढे पट्टे नाहीत! दोनच आहेत, मागे. चौकट पण नाही. सात जोड्या मोकळ्या आहेत!"

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आश्चर्यही दिसलं नाही. हे मला तेव्हा कळलं नाही, खूप नंतर आठवलं. त्यांनी फक्त लगेच दांडा उलटा फिरवायला घेतला.

आत तड् असा आवाज झाला. मग लगेच दुसरा. मग कंटेनर एकदा सगळाच हलला आणि दाराची उजवी झडप फुगल्यासारखी बाहेर आली, वीतभर.

मामांनी स्वतःला दांड्यावर टाकलं. खांदा झडपेला, दोन्ही हात मुठीवर, पाय मागे रोवलेले. दांड्याचं टोक अजून खाचेत होतं, पण अर्धंच. पत्रा कुरकुरत होता. त्यांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या.

"मामा, सोडा! बाजूला व्हा!"

"खाली बायका हायत," ते म्हणाले.

मी मागे वळून बघितलं. त्या बायका तिथेच, उताराच्या बरोबर तोंडाशी. एकीने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा भाकरीचा तुकडा मोडला.

"मी हे धरून हाय तंवर हटीव त्यांस्नी," मामा म्हणाले. आतापर्यंत ते मला मॅडम म्हणत होते. "पळ पोरी. पळ."

मी पळाले. चप्पल पहिल्याच पावलाला सुटली. दुसरी मीच झटकली. डांबर तापलेलं होतं. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते मला आठवत नाही. बायका उठल्या नाहीत. त्यांना वाटलं असेल गाडीवाल्याने पोरीला काही केलं, कारण एक बाई हातात घमेलं घेऊन माझ्यासाठी पुढे आली. "काय झालं गं? कोण हाय त्यो?"

"सरका! डोंगराकडे सरका! वरून माल येतोय, रोल येतायत, मराल सगळ्या!"

'मराल' हा शब्द त्यांना कळला. भाकऱ्या तिथेच टाकून त्या उठल्या. एक म्हातारी होती, तिचे पाय आखडले होते, तिला चटकन उठता येईना. ती म्हणत होती, "अगं थांब, थांब की जरा." मी आणि घमेलेवालीने तिला काखेत हात घालून फरफटत डोंगराच्या बाजूच्या गटारात नेलं. तिचं लुगडं फाटलं. ती मला शिव्या देत होती.

तेवढ्यात खालून हॉर्न आला. वडापची जीप, आत माणसं कोंबलेली, मागच्या फळीवर दोघे उभे, वळण घेऊन वर येत होती. मी रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात वर केले. त्या क्षणी माझी पाठ कंटेनरकडे होती. आयुष्यात मला कशाची एवढी भीती वाटली नसेल, जेवढी त्या पाठीमागच्या न दिसणाऱ्या दाराची वाटली. मला वाटत होतं, आता येईल, आता. जीपवाला ब्रेक मारून शिव्या देत थांबला. मी बॉनेटवर हात आपटून म्हणाले, "मागे घे. वळणाच्या मागे. मागे!" त्याने माझ्या खांद्यावरून वर बघितलं आणि काही न विचारता गाडी मागे घातली.

रस्ता मोकळा झाला. मी गटारात उडी मारली आणि वर बघून जीव खाऊन ओरडले, "मामा! झालं! सोडा!"

ते खूप लांब आणि खूप लहान दिसत होते. दाराला चिकटलेला एक खाकी शर्ट. त्यांनी मान हलवलेली मला दिसली. मग त्यांनी डावीकडे उडी घेतली.

झडप वाऱ्याने उघडावी तशी उघडली. पहिला रोल बाहेर पडला तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, ऐकायचाही नाही. जमीन हलली. तो सरळ आमच्याकडे आला, आधी सावकाश, मग वेगात, बायका बसल्या होत्या त्या जागेवरून, भाकऱ्यांवरून, खडीच्या ढिगाला घासून कठड्याला आदळला, आणि कठडा घेऊन खाली गेला. दरीतून बराच वेळ झाडं मोडल्याचा आवाज येत राहिला. दुसरा डांबराच्या पिंपावर अडला. त्याचं वेष्टण फाटलं होतं, आणि त्याच्यामागे वरपर्यंत पांढऱ्या कागदाची लांबच लांब पट्टी रस्त्यावर उलगडली होती. तिसरा-चौथा दारापाशीच एकमेकांत अडकले, आणि त्यांच्यामुळे मागचे आतच राहिले.

गटारात म्हातारीने माझा दंड धरला होता, इतका घट्ट की तिची नखं रुतली होती.

मी वर गेले. कशी गेले माहीत नाही. मामा रस्त्याच्या कडेला पडले होते. त्यांची उडी पुरी पडली नव्हती. झडपेने त्यांना ढकललं होतं आणि पहिला रोल त्यांच्या डाव्या पायावरून, गुडघ्याच्या खालून गेला होता. मी तिकडे एकदाच बघितलं.

ते शुद्धीवर होते. ओठ पांढरे पडले होते.

"कुणी न्हाई न्हवं सापडलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सगळ्या?"

"सगळ्या आहेत मामा. जीप पण थांबवली."

त्यांनी डोळे मिटले. मी माझी ओढणी त्यांच्या मांडीला घट्ट आवळून बांधली. जीपवाला वर आला, त्याने सगळी माणसं उतरवली, आम्ही सहा जणांनी मिळून मामांना मागच्या सीटवर घेतलं. कोल्हापूर येईपर्यंत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सारखी म्हणत होते, "मामा, माझं चुकलं. मामा, मी खोटं बोलले." त्यांनी एकदा माझ्या हातावर हात ठेवला, बहुतेक मी गप्प बसावं म्हणून.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दुपारी दाभोळे साहेब दवाखान्यात आले. व्हरांड्यात बाकावर माझ्याशेजारी बसले, माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली होती. आवाज मऊ होता. "घाबरली असशील तू. घरी जा, आराम कर. फक्त एक निवेदन लागेल. ड्रायव्हरने परवानगी न घेता चढावर सील तोडलं, एवढंच लिही. ते खरंच आहे ना? बांधणीच्या तक्त्याची प्रत आपल्याकडे आहेच. सहा पट्टे, तुझी सही."

"उद्या लिहिते," मी म्हणाले.

नाही म्हणायची तेव्हाही हिंमत झाली नाही, हे मी इथे सांगून टाकते. रात्री घरी मी जेवले नाही. आई विचारत राहिली. सकाळी दस्तगीर चाचा आमच्या दारात उभे होते, सायकल घेऊन. त्यांनी मला काही सल्ला दिला नाही. एवढंच म्हणाले, "त्ये मला बी सही मागाय लागल्यात. मी न्हाई म्हणून सांगितलं. तू काय लिहिणार त्ये बघाय आलो."

मी त्यांच्यासमोर बसूनच लिहिलं. पट्टे दोन, चौकट नाही, मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, ड्रायव्हरला मी खोटं सांगितलं. चाचांनी ते दोनदा वाचून घेतलं, कारण त्यांना माझं अक्षर लागत नव्हतं.

चौकशी झाली. दाभोळे साहेबांची नोकरी गेली. मलाही ती सोडावी लागली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

मामांच्या घरी जायला मला दीड महिना लागला. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी निमित्त निघायचं. शेवटी एका रविवारी सकाळी संकेश्वरची एसटी धरली. गाडी गावात शिरली तेव्हा घाटात वाटली होती तीच भीती पोटात होती, तशीच, तेवढीच.

दार एका बाईने उघडलं. उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातांना पीठ लागलेलं. मी नाव सांगितलं. गंगव्वा दारातून बाजूला झाल्या, पण 'या' म्हणाल्या नाहीत.

मामा पडवीत खाटेवर बसले होते. पायावर चादर होती. बारीक झाले होते, पण माझ्याकडे बघून हसले. "बसा की मॅडम. लांबनं आलासा."

मुलीचं विचारलं. निपाणीच्या माणसांनी कळवलं होतं की सध्या राहू दे. ते हे अगदी सहज म्हणाले. चहा आला. गंगव्वांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि परत आत न जाता चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"मी एक इचारू?" त्या म्हणाल्या. मराठी जपून बोलत होत्या, एकेक शब्द ठेवत.

"विचारा."

"रस्त्यात ह्यांनी तुम्हाला इचारलं होतं. दोनदा इचारलं, असं हे सांगतात. तुम्ही तेव्हा न्हाई म्हटलं असतं तर?"

माझ्याजवळ उत्तर होतं. त्यांच्याजवळही होतं. त्या ते माझ्या तोंडून ऐकायला उभ्या होत्या, आणि तो त्यांचा हक्क होता.

"तर पाय राहिला असता," मी म्हणाले.

गंगव्वांनी मान हलवली. त्यांचे डोळे कोरडे होते. मी कपाकडे बघत बसले.

"मला ठाऊक होतं," मामा म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे बघितलं.

"सकाळी गाडी भरत हुती तवा मी गेटवर चहा पीत हुतो. पलीकडच्या गाडीला चार पट्टे लावताना मी बघितले. आमच्या गाडीसमोरचेच उचलून नेले. म्हणून तर मी आत बघितलासा का म्हणून इचारलं." ते चादरीची किनार बोटाने दुमडत होते. "तुम्ही हो म्हणालासा. इतक्या चटकन म्हणालासा की मला कळलंच. पर मला बी होच पाहिजे हुतं. न्हाई म्हणाला असतासा तर गाडी दुपारपर्यंत थांबली असती, आणि मी निपाणीच्या माणसांच्या टायमाला घरात पोचलो नसतो."

"हे तुम्ही मला सांगितलं नाही," गंगव्वा म्हणाल्या.

"न्हाई."

"दीड महिना."

"व्हय."

"मग रस्त्यात पुन्हा कशाला विचारलंत?" मी म्हणाले. "उसाच्या शेतांपाशी?"

"तुम्ही सांगशीला म्हणून." त्यांनी चादर सरळ केली. "तुमच्या तोंडातनं आलं असतं तर मला सांगाय लागलं नसतं. दार उघडताना बी, मधी चौकट तरी असंल म्हणून धरून चाललो."

बाहेर कुठेतरी पिठाची चक्की चालू होती. गंगव्वा नवऱ्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. त्यांनी हाताचं वाळलेलं पीठ अंगठ्याने खरवडून काढलं. मग कन्नडमध्ये एक वाक्य बोलून त्या आत निघून गेल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

आत भांड्यांचा आवाज यायला लागला. मग मामा खाली बघूनच म्हणाले, "म्हणती, आता दोघंबी खरं बोलालाय."